पहिल्या दिवशी किती पैसे लागतील?

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या एम.ए., एम.एस्सी.च्या निम्म्या जागाही भरेनाशा झाल्या आणि विभागप्रमुखांनी प्रवेश समन्वयकाचं काम माझ्याकडे दिलं. हे काम सहसा कुणी आपणहून मागत नाही. मे-जूनची सुट्टी त्यातच जाते, दिवसभर फोन वाजत राहतो आणि जागा रिकाम्या राहिल्या की पहिला जाब समन्वयकालाच द्यावा लागतो. मला मात्र ते काम हवं होतं. जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याची, चांगली प्रयोगशाळा आहे, ग्रंथालय आहे, क्षेत्रभेटीसाठी भोवती सगळा मुलूख पडलाय, आणि वर्गात समोर मोजकीच डोकी, हे चित्र मला बरीच वर्षं खुपत होतं.

विभागाच्या बैठकीत कारणं पुष्कळ निघाली. विषयाला स्कोप राहिला नाही. मुलं पुण्या-मुंबईकडे जातात. खासगी विद्यापीठं जाहिरातीवर पैसा ओततात, आपल्याला एक साधी जाहिरात द्यायची तरी तीन सह्या लागतात. प्रत्येक कारणात थोडंफार तथ्य होतंच. पण आमच्याच कपाटात आदल्या वर्षीच्या अर्जांची फाईल होती. ज्यांनी अर्ज भरला, ज्यांचं नाव गुणवत्ता यादीत लागलं आणि जे प्रवेश घ्यायला आलेच नाहीत, अशा मुलांची संख्या त्या वर्षीच्या रिकाम्या जागांहून जास्त भरली. म्हणजे मुलं आमच्या दारापर्यंत आली होती. मधल्या पंधरवड्यात ती कुठं गेली, हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

मी फोन करायला घेतले. सुरुवातीलाच एक गोष्ट समजली, ती आम्हा कुणाच्याच ध्यानात नव्हती. कितीतरी अर्जांवरचा मोबाईल नंबर विद्यार्थ्याचा नव्हताच, तो अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेचा होता. ईमेलसुद्धा त्याचाच. एकाच तालुक्याच्या गावातल्या वेगवेगळ्या अर्जांवर एकच नंबर. तो उचलणारा माणूस भला होता. म्हणाला, "मॅडम, ओटीपी पटकन यावा म्हणून आम्ही आमचाच नंबर टाकतो. मेसेज खूप येतात, कुणाचा कुठला ते लक्षात राहत नाही." आमची यादी लागल्याचा संदेश, कागदपत्र तपासणीची तारीख, शेवटची मुदत, सगळं त्या दुकानातल्या फोनवर जाऊन पडलं होतं.

ज्यांचे खरे नंबर मिळाले त्यांच्याशी निवांत बोलले. "विषय नको होता" असं म्हणणारे फार थोडे निघाले. बहुतेकांची गाडी पैशावर अडली होती आणि तीही पूर्ण दोन वर्षांच्या खर्चावर नव्हे. एका मुलाच्या वडिलांनी फोन स्वतःकडे घेतला आणि म्हणाले, "मॅडम, पोराला शिकवायचंय. पण पहिल्या दिवशी किती पैसे लागतील ते कुणी सांगतच नाही. कुणी म्हणतं पाच हजार, कुणी म्हणतं पंचवीस. एवढ्या लांब यायचं आणि खिशातले कमी पडले तर?" त्या मुलाचं नाव यादीत वरच्या पाचात होतं. तो तालुक्याच्या गावी एका दुकानात कामाला लागला होता.

त्यांचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला आणि त्याचं उत्तर शोधायला आमच्याच विद्यापीठात फिरायला लागले. उत्तर एका जागी नव्हतं. शिक्षण शुल्क माहितीपुस्तिकेत, परीक्षा शुल्क परीक्षा विभागाच्या परिपत्रकात, पात्रता शुल्क वेगळ्या खिडकीवर, वसतिगृहाची अनामत रेक्टरांच्या सूचनाफलकावर, मेसची आगाऊ रक्कम मेस चालवणाऱ्याच्या तोंडी. शिवाय प्रवर्गानुसार कुणाकडून काय घ्यायचं हे लेखा विभागातल्या भाऊसाहेबांच्या डोक्यात. शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्काची आगाऊ मागणी करायची नाही, अशा सूचना शासनानं वेळोवेळी काढल्या आहेत. पण घरी बसून माहितीपुस्तिका चाळणाऱ्या मुलीला त्यात एकच मोठा आकडा दिसायचा आणि खाली बारीक अक्षरात "शासन नियमानुसार सवलत". त्या तीन शब्दांवर भरवसा ठेवून कोण घर सोडेल?

मग एक कागद तयार करायचं ठरवलं. एकाच पानावर, ठळक अक्षरात, प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार: प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर नेमके किती भरायचे, त्यातले परत मिळणारे किती, पुढच्या तीन महिन्यांत आणखी किती लागतील, आणि सोबत कुठले कागद आणायचे. एवढं साधं काम, पण त्याला जवळजवळ पूर्ण सत्र गेलं. लेखा विभागाला आकडा लेखी द्यायची भीती वाटायची, कारण नंतर परिपत्रक बदललं तर जबाबदार कोण? त्यांचीही बाजू खोटी नव्हती. शेवटी कुलसचिवांनी कागदाखाली "या शैक्षणिक वर्षापुरते" असं लिहून सही केली, तेव्हा तो छापला गेला. माझ्या मते आमच्या विभागानं प्रवेशासाठी आजवर केलेलं सगळ्यांत मोलाचं काम म्हणजे हा कागद. रंगीत पत्रकं, फ्लेक्स, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती त्यापुढे काहीच नाहीत.

हा माझा एकटीचा ग्रह नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठानं, तेही सार्वजनिकच, २०१५ मध्ये एक प्रयोग सुरू केला होता. राज्यातल्या कमी उत्पन्न गटातल्या हुशार मुलांपैकी काहींना विद्यापीठानं थेट पत्र पाठवलं: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षं शिक्षण शुल्क आणि इतर विद्यापीठ शुल्क माफ, त्यासाठी आर्थिक मदतीचे वेगळे अर्ज भरायची गरज नाही. बाकीच्यांना नेहमीची माहिती गेली. गंमत अशी की ज्यांना पत्र गेलं नाही त्यांतल्याही बहुतेकांना अर्ज केला असता तर जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरीही पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला आणि न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष त्या विद्यापीठात दाखल होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. फरक मुख्यतः खात्रीचा होता. हे वाचलं तेव्हा मला ते फोनवरचे वडील आठवले. त्यांनाही खात्रीच हवी होती.

कागद हातात आल्यावर आम्ही महाविद्यालयांत जायला लागलो. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला भूगोल आहे, त्यांची यादी केली. जायची वेळ महत्त्वाची. जूनमध्ये जाऊन उपयोग नसतो, मुलं तोवर पांगलेली असतात. फेब्रुवारीत, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी ती वर्गात सापडतात. प्राचार्य एखादा तास देतात, त्यातली पंधरा-वीस मिनिटं आपल्या हाती. पहिल्या फेरीत मी अभ्यासक्रमावर बोलले, दूरसंवेदन, नकाशे, नोकऱ्या. मुलं ऐकून घ्यायची, टाळ्या वाजवायची, पण प्रश्न कुणी विचारायचं नाही. पुढं मी आमच्याच दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बरोबर नेऊ लागले, शक्यतो त्याच महाविद्यालयातून आलेल्या. त्यांना बोलायला लावून मी बाहेर व्हरांड्यात थांबायचे. मग आतून प्रश्नांचा भडिमार ऐकू यायचा. हॉस्टेल मिळतं का रे? इंग्रजीतूनच लिहावं लागतं का? नेट-सेटची तयारी करून घेतात का? मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं? आणि पैसे कुठून आणलेस?

या शेवटच्या प्रश्नाला आमच्या एका विद्यार्थिनीनं एकदा जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेले नाही. तिनं फोन काढून बँकेचा शिष्यवृत्ती जमा झाल्याचा संदेशच सगळ्यांना दाखवला. फोन बाकावरून बाकावर फिरला. त्या एका वर्गातून त्या वर्षी आमच्याकडे जितके अर्ज आले तितके त्या महाविद्यालयातून आधी कधीच आले नव्हते.

अंतराचा मुद्दा इथं सांगायला हवा, कारण आपल्या राज्यात विद्यापीठांची वाढ झाली ती बरीचशी अंतर कमी करण्यासाठीच. १८५७ मध्ये मुंबई, मग १९४९ मध्ये पुणे, १९५८ मध्ये मराठवाडा, १९६२ मध्ये कोल्हापूर, १९९० मध्ये जळगाव, १९९४ मध्ये नांदेड, २००४ मध्ये सोलापूर, २०११ मध्ये गडचिरोली. दर वेळी नवं विद्यापीठ झालं तेव्हा आणखी काही तालुक्यांतल्या मुलींना एसटीनं जाऊन-येऊन शिकण्याची सोय झाली. देशभरात उच्च शिक्षणातली एकूण विद्यार्थिसंख्या २०१४-१५ मध्ये ३.४२ कोटी होती, ती २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटींवर गेली, हे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे आहेत. तरी १८ ते २३ वयोगटाशी तुलना केली तर त्या वर्षी नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्केच होतं, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं लक्ष्य आहे २०३५ पर्यंत ५० टक्के. वर्गात उभं राहून बोलताना मला हे आकडे आठवतात. उरलेली मुलं या बाकांपर्यंतही आलेली नसतात. आणि जी आली आहेत, त्यांतली किती जणं पदवीनंतर पुढं जातील, हा प्रश्न इतका जवळचा आहे.

२०२४ च्या जुलैत आणखी एक पेच आला. राज्य शासनानं ८ जुलैला निर्णय काढला की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत. निर्णय उत्तम, मला मनापासून आवडलेला. पण बातमी गावोगाव पोहोचली ती "मुलींचं शिक्षण मोफत" एवढीच. आमचा अभ्यासक्रम पारंपरिक, व्यावसायिकांच्या यादीत न बसणारा. मुली आणि त्यांचे वडील येऊन सांगायचे, मॅडम, आता फी नाही ना? प्रत्येकीला समजावून सांगावं लागायचं की ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे, तुझ्यासाठी दुसरी योजना आहे, चल बघू कुठली बसते. हे नुसतं खिडकीवरून "तुम्हाला लागू नाही" असं सांगितलं असतं तर निम्म्या जणी तिथूनच माघारी गेल्या असत्या.

म्हणूनच प्रवेशाच्या टेबलाशेजारीच शिष्यवृत्तीचं टेबल लावलं. पूर्वी ते दुसऱ्या इमारतीत होतं आणि प्रवेश झाल्यावर महिना-दीड महिन्यानं त्याचा विचार व्हायचा. आता क्रम उलटा केला: आधी शिष्यवृत्तीचं पाहायचं, मग फीची पावती. त्या टेबलावर बसणं हे माझ्या आयुष्यातलं वेगळंच शिक्षण ठरलं.

योजनांची नावंच इतकी की चांगला शिकलेला माणूस गोंधळतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलाला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना. समोर बसलेल्या मुलाला विचारायचे प्रश्न मात्र चारच: प्रवर्ग कोणता, वडिलांचं उत्पन्न किती, जमीन किती, राहणार कुठं. त्यावरून कुठली योजना बसते ते आमच्या टेबलावरच्या मुलांना आता पाठ झालंय.

मग कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि एका वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून एप्रिलनंतर तो नव्यानं काढावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्याला मुदत ठरलेली आहे, पंधरा दिवस. पण अर्ज केला तर पंधरा दिवस. मुलं यादी लागल्यावर धावतात आणि तेव्हाच सेतूमध्ये सगळ्या तालुक्याची रांग असते. म्हणून फेब्रुवारीत महाविद्यालयात गेलो की आम्ही शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून येतो: "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उत्पन्नाचा दाखला काढायला टाका." आमच्याकडे प्रवेश घ्या अगर घेऊ नका, दाखला तर लागणारच. दोन वर्षं शिक्षण थांबलं असेल तर गॅपचं शपथपत्र, वडील नसतील तर मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, अधिवास प्रमाणपत्र. या यादीत नवीन काही नाही, पण हे सगळं एकाच वेळी एकाच पिशवीत असणं ही मोठी गोष्ट असते.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो बँक खात्यात. एक मुलगी आली, शांत स्वभावाची, अभ्यासात अगदी पुढं. अर्ज मंजूर, शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर रक्कम पाठवल्याचं दिसतंय, आणि हिच्या पासबुकात काहीच नाही. बँकेत विचारलं तर "आधार लिंक आहे". इथं एक बारकावा आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभाचे पैसे कुठल्या खात्यात जायचे याची नोंद वेगळी. ती नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यादीत असते आणि एका आधार क्रमांकासमोर तिथं एकच बँक असते, सगळ्यांत शेवटी जोडलेली. आम्ही तिच्या आधारची स्थिती संकेतस्थळावर बघितली तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. तिनं त्या बँकेत पाऊलही ठेवलं नव्हतं. बराच वेळ विचार केल्यावर तिला आठवलं, दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदारानं दोनदा अंगठा घेतला होता. दुसरा अंगठा खातं उघडायचा होता. तिची शिष्यवृत्ती त्या न पाहिलेल्या खात्यात सुखरूप पडून होती. ते पैसे काढायला आणि नोंद बदलायला पुढं बरेच हेलपाटे झाले, पण रक्कम मिळाली. त्या प्रसंगानंतर प्रवेशाच्या दिवशीच, फीच्या आधी, प्रत्येकाची आधारची नोंद तिथल्या तिथं तपासायचा नियम आम्ही केला. दोन मिनिटांचं काम आहे.

पोर्टलवरचा अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून संस्थेच्या लिपिकाकडे, तिथून प्रमुखांकडे आणि मग जिल्ह्याच्या कार्यालयात जातो. कुठंही त्रुटी निघाली तर परत येतो. परत आल्याचं विद्यार्थ्याला कळलं नाही तर तो तसाच पडून राहतो आणि मुदत संपते. पुन्हा तोच नेट कॅफेचा नंबर! म्हणून आम्ही दर आठवड्याला आमच्या लॉगिनमधून परत गेलेल्या अर्जांची यादी काढून वर्गाच्या गटावर टाकतो, आणि एखाद्यानं दोन दिवसांत पाहिली नाही तर शिपाई मामांना पाठवून वर्गातून बोलावून घेतो. मंजुरीनंतरही आमच्याकडच्या मुलांना स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन रक्कम "रिडीम" करावी, म्हणजे ती खात्यावर मागवावी लागायची. कितीतरी जण "मंजूर" हा शब्द वाचून निश्चिंत झालेले असायचे.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के वाटा असतो आणि ते विद्यार्थ्याच्या खात्यात वेगवेगळे येतात. त्यातली संस्थेची फी विद्यार्थ्यानं संस्थेत भरायची. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात घरी आई आजारी असते, खतांचं देणं असतं, आणि खात्यात अचानक मोठी रक्कम दिसते, ती तिकडंच खर्च होते आणि फी थकते. एका बाहेरच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलाचा महाविद्यालय सोडल्याचा दाखला अशाच थकबाकीपोटी अडवून ठेवला होता, आणि दाखला नाही म्हणून आमच्याकडे प्रवेश नाही. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. वसुली करायला दुसरे मार्ग आहेत. ज्या कागदावर मुलाचं पुढचं शिक्षण उभं आहे तोच गहाण ठेवायचा, हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कुठल्याच संस्थेला शोभत नाही. आम्ही त्या महाविद्यालयाला त्याचे हप्ते बांधून द्यायला लावले, लेखी हमी दिली, आणि दाखला आणला.

शिष्यवृत्ती मिळते, पण ती उशिरा मिळते. सप्टेंबरातल्या मेसच्या बिलाला मार्चमधली शिष्यवृत्ती उपयोगी पडत नाही. हा मधला काळ ज्याला काढता येत नाही तो मुलगा दिवाळीला घरी जातो आणि परत येत नाही. प्रवेशाच्या आकड्यात तो मोजलेला असतो, वर्गात मात्र नसतो. यावर आमच्याकडे दोन गोष्टी कामाला आल्या. एक, कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही कल्पना आज राज्यातल्या कितीतरी विद्यापीठांत आहे. आम्ही त्यातल्या मुलांना बागेतल्या आणि झाडलोटीच्या कामांऐवजी विभागाच्या नकाशा संग्रहाची नोंदणी आणि शिष्यवृत्तीच्या टेबलाचं काम दिलं. पैसे तेवढेच, पण हाताला येणारं काम वेगळं. दुसरी गोष्ट, माजी विद्यार्थ्यांचा छोटा निधी. त्यातून कुणाला देणगी द्यायची नाही असं ठरवलं. वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांची मेस एवढ्यापुरती बिनव्याजी उचल द्यायची, शिष्यवृत्ती आली की परत करायची. अर्ज एका परिच्छेदाचा, निर्णय त्याच दिवशी. फार थोडे पैसे बुडाले. जे बुडाले त्यांतलेही काही मुलांनी नोकरी लागल्यावर न मागता आणून दिले.

या सगळ्याचा परिणाम व्हायचा तो झाला. पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी बराच, आणि मग एका वर्षी गुणवत्ता यादीबरोबर प्रतीक्षा यादी लावायची वेळ आली. मुलींचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. ज्या तालुक्यांची नावं आमच्या हजेरीपटावर कधी नसायची तिथून मुलं आली. क्षेत्रभेटीला गेलो की आता वर्गातच कुणीतरी असतं ज्याला त्या नदीची, त्या धरणाखालच्या गावांची माहिती माझ्याहून जास्त असते. शिकवण्यातला हा आनंद मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पण वर्ग भरले आणि दुसरी टंचाई दिसायला लागली. शिक्षकांची पदं रिक्त, निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर. प्रयोगशाळेत एका संगणकावर दोघं, कधी तिघं. विद्यार्थी वाढवा असं वरून सांगितलं जातं, वाढले की अभिनंदनाचं पत्रही येतं, पण त्या पत्राबरोबर पदं येत नाहीत. मी दर वर्षी प्रवेशाच्या अहवालात एक तक्ता जोडते: जूनमध्ये किती आले, दिवाळीनंतर किती राहिले, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला किती बसले. अहवालात तो कुणी मागितलेला नाही. माझं म्हणणं असं की विद्यापीठाची वाढ मोजायची असेल तर या तिसऱ्या आकड्यानं मोजावी आणि शिक्षकांची पदं, वसतिगृहाच्या खाटा याच आकड्यावरून मागाव्यात. विद्या परिषदेत एका सदस्यांनी हा तक्ता वाचून दाखवला, तेव्हापासून आणखी दोन विभागांनी तो करायला घेतलाय.

सध्या माझं भांडण वसतिगृहाच्या यादीसाठी चाललंय. आमची गुणवत्ता यादी आधी लागते आणि वसतिगृहाची यादी त्यानंतर तीन आठवड्यांनी. लांबून येणाऱ्या मुलीच्या घरच्यांना मधले तीन आठवडे कुठलंच उत्तर नसतं, आणि अनेक जणी त्याच काळात गळतात. दोन्ही याद्या एकाच दिवशी लावाव्यात असा प्रस्ताव मी दिला आहे. रेक्टर मॅडम अनुकूल आहेत. अडचण आहे ती जुन्या विद्यार्थ्यांनी खोल्या सोडायच्या तारखेची, कारण त्यांचा निकाल लागेपर्यंत ती ठरत नाही. परीक्षा विभागाशी बोलणं सुरू आहे. या वर्षीच्या एकपानी कागदात वसतिगृहाच्या यादीच्या तारखेची जागा मोकळी ठेवली आहे, आणि ती तारीख मिळेपर्यंत कागद छपाईला द्यायचा नाही असं मी भाऊसाहेबांना सांगून ठेवलंय.